पंचविसाव्या जागेचा हिशेब

आयपीएलच्या संघात जास्तीत जास्त किती खेळाडू असावेत आणि मोठ्या लिलावाआधी त्यातले किती राखून ठेवता यावेत, हे नियम मुंबईत ठरतात. त्यांचा खरा भार मात्र अकोला-अमरावतीसारख्या ठिकाणच्या मुलांवर पडतो. संघाची मर्यादा तेहतीस असो, सत्तावीस असो की पंचवीस, विराट कोहलीला किंवा जसप्रीत बुमराहला त्याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो अठराव्या ते पंचविसाव्या जागेवरच्या मुलाला. जिल्हा पातळीवर मुले घडवण्याचे आणि त्यांच्यातून संघ निवडण्याचे काम करताना ही शेवटची सात-आठ नावेच आमच्या रोजच्या विचारात असतात, कारण वऱ्हाडातून निघालेला मुलगा आयपीएलमध्ये शिरतो तो बहुधा याच दाराने. म्हणून या नियमांकडे आम्ही पडद्यावरच्या तमाशासारखे पाहू शकत नाही. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने शिक्षण कुठे ठेवायचे, नागपूरला राहायला कधी जायचे, नोकरीच्या अर्जाचे काय करायचे, हे त्या नियमांवर अवलंबून असते, आणि त्याचे आई-वडील विचारायला येतात ते आमच्याकडे.

आधी आकडे पाहू. २०१३ पर्यंत एका संघात तेहतीस खेळाडू ठेवता येत. २०१४ च्या मोठ्या लिलावापासून ही मर्यादा सत्तावीसवर आली. २०१८ पासून ती पंचवीस आहे, त्यात परदेशी जास्तीत जास्त आठ, आणि संघ किमान अठरा जणांचा हवा. राखून ठेवायच्या खेळाडूंची संख्या मात्र एका दिशेने गेलेली नाही. २०१४ मध्ये पाच जण राखता येत होते, त्याशिवाय जुना खेळाडू लिलावातल्या शेवटच्या बोलीला परत मिळवण्याचा ‘राईट टू मॅच’चा पत्ता पहिल्यांदा आला. २०१८ मध्ये राखलेले आणि पत्त्याने परत घेतलेले मिळून पाच. २०२२ मध्ये चार, आणि पत्ता बंद. २०२५ च्या हंगामासाठी दोन्ही मिळून सहा, त्यात भारताकडून न खेळलेले म्हणजे अनकॅप्ड जास्तीत जास्त दोन. दर तीन-चार वर्षांनी खेळाचे हे कुंपण हलवले जाते, आणि प्रत्येक वेळी चर्चा होते ती फक्त कोणता तारा कोणत्या संघात राहिला याची.

आमच्या भागात यावर सर्रास ऐकू येणारे मत असे की मर्यादा घटवणे हा लहान गावांवर अन्याय आहे. जागा जितक्या जास्त तितकी आपली मुले जास्त. वरवर हे पटते. २०१३ मध्ये नऊ संघ होते, म्हणजे कागदावर २९७ जागा. पुढच्याच वर्षी आठ संघ आणि सत्तावीसची मर्यादा, म्हणजे २१६. २०१८ मध्ये २००. २०२२ पासून दहा संघ झाले तेव्हा २५०. या हिशेबाने आजही आपण २०१३ च्या मागेच आहोत. पण कागदावरची जागा आणि भरलेली जागा यांत अंतर असते, आणि ते अंतरच या मताचा पाया ढिला करते. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाह इथे झालेल्या लिलावाच्या आधी दहा संघांनी मिळून ४६ खेळाडू राखले होते, म्हणजे २०४ जागा रिकाम्या होत्या. विकले गेले १८२. बावीस जागा संघांनी स्वतःहून सोडून दिल्या, आणि तेही प्रत्येक संघाला १२० कोटींची थैली असताना आणि सर्वांत खालची मूळ किंमत तीस लाख असताना. ज्या व्यवस्थेला पंचवीस जागाही पुरत्या भराव्याशा वाटत नाहीत, तिथे मर्यादा तीसवर नेली तर वाढलेल्या जागा अकोल्याच्या वाट्याला येतील असे मानायला आधार नाही.

माझे म्हणणे असे की जागा किती हा प्रश्न दुय्यम आहे. त्या जागेवर मुलाला किती काळ, कोणत्या अटीवर आणि न खेळवता धरून ठेवता येते, हा मुख्य प्रश्न आहे. मोठा संघ आणि धरून ठेवण्याचा मोकळा हक्क हे दोन्ही एकत्र आले की होतकरू मुलांची साठवण सुरू होते. आज ना उद्या उपयोगी पडेल, निदान दुसऱ्याला मिळणार नाही, एवढ्या कारणाने मुलगा संघात राहतो. मर्यादा आवळली की संघाला निवड करावी लागते, आणि ज्याला तो निवडत नाही त्याला दुसऱ्या नऊ संघांसमोर उभे राहता येते. म्हणून संघाचा आकार पंचवीस ठेवण्याच्या, वेळ आली तर बावीस-तेवीसवर आणण्याच्याही मी बाजूने आहे. पण त्याच्या जोडीला धरून ठेवण्याच्या हक्कालाही मुदत हवी.

पुरावा विदर्भातलाच घेऊ. वर्ध्यात जन्मलेल्या दर्शन नळकांडेला पंजाबच्या संघाने २०१९ च्या हंगामासाठी तीस लाखांत घेतले. २०१९, २०२० आणि २०२१ असे तीन हंगाम तो त्या संघात होता, आणि त्याला एकही सामना मिळाला नाही. त्याच २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात विदर्भाकडून खेळताना त्याने कर्नाटकाविरुद्ध सलग चार चेंडूंवर चार बळी घेतले. नंतरच्या लिलावात गुजरातच्या नव्या संघाने त्याला घेतले आणि ८ एप्रिल २०२२ रोजी त्याचे आयपीएल पदार्पण झाले, नेमके पंजाबविरुद्ध. त्या दिवशी त्याने लागोपाठच्या दोन चेंडूंवर घेतलेल्या बळींपैकी पहिला होता अमरावतीच्या जितेश शर्माचा.

जितेशची गोष्टही याच नियमांच्या मधल्या फटीतून गेलेली आहे. मुंबई इंडियन्सने त्याला २०१६ मध्ये दहा लाखांत घेतले तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. संघात पार्थिव पटेल आणि जॉस बटलर हे दोन यष्टिरक्षक आधीच होते. दोन हंगाम गेले, सामना मिळाला नाही. मग चार वर्षे आयपीएलमध्ये नावच नाही. २०२२ मध्ये पंजाबने वीस लाखांत घेतल्यावर एप्रिलमध्ये तो पहिला सामना खेळला, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. त्यानंतर दीड वर्षात तो भारताकडून खेळला. दोन खेळाडूंच्या उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. जितेश २०१६ मध्ये तयार होता की नव्हता, हे कोणी ठामपणे सांगू शकणार नाही. दर्शनला पंजाबच्या सरावात जे शिकायला मिळाले ते चार चेंडूंच्या त्या षटकात कामी आले नसेल, असेही म्हणता येत नाही. पण एवढे नक्की दिसते की दोघांचीही दारे उघडली ती मोठ्या लिलावाच्या वर्षी, जेव्हा संघांना पाटी पुसून नव्याने लिहावे लागले. २०२२ ला संघ आठाचे दहा झाले हे त्यामागचे एक कारण, आणि राखण्याची संख्या चारवर आलेली होती हे दुसरे.

एखादे कलम किती बारीक असते आणि त्याचे मोल किती मोठे होते, याचे उदाहरणही जितेशच्याच नावावर आहे. जेद्दाहच्या लिलावात बंगळूरची बोली सात कोटींवर थांबली. पंजाबने लिलावाआधी दोघांनाच राखले होते, त्यामुळे त्यांच्याकडे पत्ते शिल्लक होते आणि त्यांनी जितेशसाठी पत्ता वापरला. २०१८ चा नियम असता तर तो तिथेच सात कोटींत पंजाबकडे परत गेला असता. नव्या नियमात मात्र बोली जिंकणाऱ्या संघाला पत्ता पडल्यावर एकदा किंमत वाढवता येते. बंगळूरने ती अकरा कोटी केली, पंजाबने माघार घेतली. एका ओळीच्या दुरुस्तीने अमरावतीच्या खेळाडूच्या किमतीत चार कोटींची भर पडली, आणि पुढच्या जूनमध्ये बंगळूरने पहिल्यांदा विजेतेपद मिळवले तेव्हा यष्टींमागे तो होता. या दुरुस्तीवर संघांचा आक्षेप असा की शेवटची एक वाढ दिली की पत्त्याला अर्थच उरत नाही. मला वाटते, अर्थ उरतो. जुन्या संघाला किंमत जुळवून खेळाडू परत घेण्याचा हक्क राहतो. गेलेली असते ती फक्त स्वस्तात मिळवण्याची सोय. वीस लाखांच्या बोलीने आलेला खेळाडू तीन वर्षांनी अकरा कोटींचा ठरतो, तेव्हा मधल्या काळात राखण्याच्या हक्काने काय दाबून धरले होते त्याचा अंदाज येतो.

आता सर्वांत वजनदार आक्षेपाकडे येतो, आणि तो पैशाचा आहे. राखीव बाकावर बसून का होईना, तीस लाख मिळतात. वऱ्हाडातल्या शेतकरी किंवा नोकरदार घरातल्या मुलाला ती जागा नाकारणारे आपण कोण? हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. क्रिकेट मंडळाने २०२१ मध्ये ठरवलेल्या दरानुसार वीसपर्यंत सामने खेळलेल्या रणजी खेळाडूला दिवसाला चाळीस हजार मिळतात. साखळीतले सातही सामने चारही दिवस खेळला तर ही रक्कम होते ११ लाख २० हजार. म्हणजे पूर्ण रणजी हंगाम राबून जे मिळते त्याच्या अडीचपटीहून जास्त आयपीएलच्या बाकावर मिळते. एखाद्या घराचे कर्ज त्यात फिटते. पण हिशेब इथे थांबवू नये. २०२५ पासून आयपीएलमध्ये खेळलेल्या प्रत्येक सामन्याला साडेसात लाख मानधन सुरू झाले आहे. साखळीतले चौदा सामने खेळणाऱ्याला कराराच्या वर एक कोटी पाच लाख मिळतात. तीस लाखांचा करार असलेल्या दोन मुलांपैकी एक मैदानात उतरला आणि दुसरा बाकावर राहिला, तर पहिल्याचे वर्ष एक कोटी पस्तीस लाखांचे होते आणि दुसऱ्याचे तीसचे. बाकाचे तीस लाख त्यामुळे आता पूर्वीइतके भक्कम राहिलेले नाहीत. शिवाय रणजीत राखीव खेळाडूला निम्मे मानधन मिळते, हा मंडळाचाच नियम आहे. आयपीएलमध्ये तो का नसावा? रोजच्या यादीतल्या चार-पाच राखीव खेळाडूंना निम्मे मानधन द्यावे लागले, तर संघ आपोआप विचारतील की हा मुलगा आपल्याला खरोखर हवा आहे का.

दुसरा आक्षेप प्रशिक्षकांकडून येतो, म्हणजे माझ्याच पेशातल्या लोकांकडून. बाक ही शाळा आहे, मोठ्या गोलंदाजांना जाळीत खेळल्याशिवाय मुलगा घडत नाही, असे ते म्हणतात. त्यातले तथ्य विदर्भानेच दाखवले आहे. अकोल्याच्या आदित्य ठाकरेचे प्रथम श्रेणी पदार्पण थेट रणजीच्या अंतिम सामन्यात झाले, डिसेंबर २०१७ च्या अखेरीस इंदूरला, दिल्लीविरुद्ध. उमेश यादव उपलब्ध नव्हता, त्याच्या जागी एकोणीस वर्षांखालच्या वयोगटातला हा गोलंदाज उतरला, आणि विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. राखीव खेळाडू ठेवायचा कशासाठी, याचे यापेक्षा चांगले उत्तर नाही. पण फरक लक्षात घ्यायला हवा. राज्याच्या संघात राखीव गोलंदाज मोकळ्या दिवसांत क्लबकडून, तेवीस वर्षांखालच्या संघाकडून खेळत राहतो. त्याचा हात चालू असतो आणि रिकामी जागा झाली की ती त्याचीच असते. आयपीएलच्या दोन महिन्यांत बाकावरच्या मुलाला दुसरीकडे खेळता येत नाही. मार्च ते मे हे वऱ्हाडातल्या उन्हाचे दिवस खरे, तरी इथली मैदाने तेव्हा बंद नसतात. शिकणे जाळीत होते हे कबूल. पण गोलंदाज कसोटीला लागतो तो सामन्यात, धावफलक अंगावर येतो तेव्हा. एक हंगाम शाळा ठीक. दुसराही समजू शकतो. तिसऱ्या हंगामातही परीक्षेला बसू दिले नाही, तर तिला शाळा म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप दुखापतींचा: चौदा सामने, प्रवास, ऊन, संघ लहान केला तर अकरा जण उभे कसे करणार? याचे उत्तर बदली खेळाडूच्या नियमात आहे, आणि तेही विदर्भाच्याच खेळाडूने दिले आहे. २०२४-२५ च्या रणजी हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेतले, एका हंगामातला विक्रम. लिलाव झाला तेव्हा तो हंगाम अर्धाच झाला होता, त्यामुळे तो कोणत्याही संघात नव्हता. मे २०२५ मध्ये हैदराबादने जखमी खेळाडूच्या जागी त्याला घेतले. बाहेर राहून खेळत राहिलेला, ताज्या कामगिरीचा मुलगा हंगामाच्या मध्यात आत येऊ शकतो, फक्त बाहेर असे खेळाडू असायला हवेत. सगळे होतकरू नोव्हेंबरमध्येच कोठारात भरून ठेवले, तर मेमध्ये निवडायला उरणार कोण?

ही साठवण रोखण्याचा उपाय जगाने आधीच शोधलेला आहे. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये मोठ्या संघांच्या हाताखाली कनिष्ठ संघांची लांब उतरंड असते, आणि एकेका संघाकडे शेकडो तरुण करारबद्ध असतात. तिथे ‘रूल फाईव्ह’ नावाचा जुना नियम आहे. करारानंतर चार किंवा पाच वर्षांत, खेळाडू करार करताना किती वयाचा होता त्यानुसार, संघाने त्याला आपल्या मुख्य चाळीस जणांच्या यादीत घेतले नाही, तर दुसरा संघ ठरलेल्या रकमेत त्याला उचलू शकतो. अट एवढीच की उचलणाऱ्याने त्याला पूर्ण हंगाम सव्वीस जणांच्या खेळत्या संघात ठेवले पाहिजे. नाही ठेवले तर निम्म्या रकमेला मूळ संघाला देऊ केले पाहिजे. घ्यायचा तर जागा द्यायची, हे या नियमाचे मर्म. रोबेर्तो क्लेमेंटे १९५४ मध्ये अशाच निवडीतून ब्रुकलिनच्या ताब्यातून पिट्सबर्गकडे गेला, आणि पुढे तीन हजार फटक्यांचा मानकरी झाला. हा प्रश्न तिथल्या शौकिनांनाही सुटलेला नाही. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या काही मित्रांनी कागदावरचे बेसबॉल संघ चालवण्याचा खेळ सुरू केला, प्रत्येकाला ठरावीक खेळाडू आणि ठरावीक डॉलर. त्यातून निघालेल्या असंख्य गटांत दरवर्षी हाच वाद चालतो की संघ किती मोठा ठेवायचा आणि पुढच्या वर्षी किती जण राखू द्यायचे. खेळ कागदावरचा असला तरी तिथेही बाक लांबवला की नवोदित आधी ज्याच्या हाती लागले त्याच्याकडेच अडकतात, आणि लिलावात उरतो तो गाळ.

आपल्याकडे याच धर्तीवर एक साधे कलम पुरेल. सलग दोन हंगामांत, अंतिम अकरात किंवा इम्पॅक्ट खेळाडू म्हणून, किमान तीन सामने न मिळालेल्या अनकॅप्ड भारतीय खेळाडूला तिसऱ्या वर्षी स्वतःच्या इच्छेने लिलावात उतरण्याचा हक्क असावा. आज मधल्या वर्षांत कोणाला ठेवायचे आणि कोणाला सोडायचे हे संघ ठरवतो. खेळाडू विनंती करू शकतो, एवढेच. यावर म्हटले जाईल की असा मुलगा लिलावात विकलाच गेला नाही तर हातचे तीस लाखही जातील. जातील, आणि म्हणूनच हा हक्क ऐच्छिक हवा, सक्ती नको. असेही म्हटले जाईल की संघ निव्वळ नियम पाळायला तीन सामने खेळवतील आणि पुन्हा बसवतील. खुशाल खेळवावेत. तीन सामन्यांचे साडेबावीस लाख त्याच्या घरी येतील, आणि तीन वेळा त्याला देश पाहील. नियमाकडून आपल्याला याहून वेगळे काय हवे आहे?

महिलांच्या लीगबाबत मात्र माझे मत उलट आहे, आणि त्यात मला विसंगती वाटत नाही. डब्ल्यूपीएलमध्ये पाच संघ, प्रत्येकी जास्तीत जास्त अठरा, म्हणजे सगळ्या मिळून नव्वदच जागा, त्यांतही परदेशी खेळाडूंचा वाटा. अमरावतीची दिशा कासट २०२३ च्या पहिल्या लिलावात बंगळूरकडे गेली ती दहा लाखांत. अमरावतीचीच भारती फुलमाळी २०१९ मध्ये भारताकडून टी-२० खेळलेली फलंदाज. अशा खेळाडूंना बसवून ठेवण्याचा धोका आज दुय्यम आहे; मुळात दार फारच अरुंद आहे. तिथे आधी संघ वाढावेत, अठराचे वीस-बावीस व्हावेत, आणि मग धरून ठेवण्याच्या मुदतीचा विचार व्हावा.

राहिला वेळेचा मुद्दा, आणि कामाच्या अनुभवातून सर्वांत तीव्रतेने जाणवणारा हाच आहे. २०२५ च्या हंगामाचे नियम २८ सप्टेंबर २०२४ ला जाहीर झाले. राखलेल्यांची नावे देण्याची मुदत ३१ ऑक्टोबर, लिलाव २४ नोव्हेंबर. दोन महिनेही नाहीत. किती जण राखायचे, पत्ता चालणार की नाही, पाच वर्षे आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला अनकॅप्ड मानायचा की नाही, सगळे एकदम बदलले. शेवटच्या कलमामुळे महेंद्रसिंह धोनी चार कोटींत चेन्नईकडे राहू शकला, याचीच बातमी झाली. पण अनकॅप्ड राखायच्या दोनच जागा असताना त्यातली एक माजी कर्णधाराला गेली, म्हणजे त्या संघात एका तरुणाची संधी तेवढी कमी झाली, याची नोंद झाली नाही. संघांकडे आकडे मांडणारी माणसे असतात, दोन महिने त्यांना पुरतात. अकोल्याहून अडीचशे किलोमीटरवर नागपुरात खोली घेऊन राहिलेल्या मुलाकडे तसे कोणी नसते. त्याचे निर्णय वर्षभर आधी झालेले असतात: कोणत्या स्पर्धेसाठी परीक्षा सोडली, यष्टिरक्षण सोडून नुसत्या फलंदाजीवर भर दिला, रेल्वेची नोकरी नाकारली.

सध्याचे चक्र २०२७ च्या हंगामाबरोबर संपते. पुढच्या मोठ्या लिलावाचे नियम मंडळाने २०२६ संपण्याआधी जाहीर करावेत: संघाचा आकार, राखण्याची संख्या, पत्त्याची अट आणि न खेळवलेल्या खेळाडूच्या सुटकेचे कलम, चारही एकत्र. त्या लिलावात जे पहिल्यांदा नाव नोंदवतील ती मुले आज अमरावती-अकोल्यात एकोणीस वर्षांखालच्या निवड चाचणीच्या रांगेत उभी आहेत, आणि त्यांच्या घरचे प्रश्न आत्ताच सुरू झाले आहेत.